नाशपातीच्या गावाचा शेवट

धुळ्यात कुणी सुरतेला निघालं की लोक "कशाला?" असं विचारत नाहीत, "कोणत्या कारखान्यात?" असं विचारतात. आमच्या खान्देशातली इतकी माणसं तिकडे मागावर उभी आहेत की सुरत म्हणजे आम्हाला गाव वाटतच नाही, नोकरीची पाळी वाटते. मी मात्र त्या शनिवारी सकाळी एसटीने दोंडाईचा गाठलं आणि पॅसेंजरमध्ये बसले ती एक पुस्तक आणायला.

पुस्तकाचा पहिला भाग माझ्या पिशवीत होता. तेरा वर्षांची असताना तो मला शाळेच्या कपाटात सापडला. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चार पानं वाळवीने खाल्लेली. एका फ्रेंच कादंबरीकार बाईंनी लिहिलेला आणि कुणीतरी मराठीत आणलेला. डोंगराच्या कडेचं एक गाव, गावाचं सामाईक कुरण, आणि कुरणात नाशपातीचं एक जुनं झाड. त्या झाडाची फळं कुणा एकाची नसतात. ठरल्या दिवशी सगळं गाव मिळून ती उतरवतं आणि दर चुलीमागे एक टोपली असा वाटा होतो. तिथे मी वाचायची थांबले, कारण ही तर आमच्या गावची गोष्ट होती. आमच्या गायरानात चिंच आहे. ती होळीच्या आगेमागे सगळ्यांनी मिळून झोडायची आणि चुलीमागे वाटा करायचा. फ्रान्स नकाशात कुठे आहे ते मला दाखवता आलं नसतं, पण ते कुरण मला पाठ होतं.

आपल्याकडे निसर्गावरचं पुस्तक म्हटलं की त्यात धबधबा असतो, पक्षी असतात, धुकं असतं. गोठ्यातलं शेण कोण काढतं ते मात्र नसतं. या बाईंच्या पुस्तकात शेण होतं. गवत कापताना विळा बोटाला लागला तर जखमेवर कोणता पाला चुरडून लावायचा तेही होतं. गवताच्या वासावर तिने दोन पानं लिहिली होती, आणि पुढच्याच पानावर तेच गवत कुणी हिसकावलं ते लिहिलं होतं. मला लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळे. मी पत्रकं लिहायला लागले हा माझा दोष.

लेखिकेचं नाव मी इथे देत नाही. भाषांतराची परवानगी कुणी घेतलेली नव्हती. ते रीतसर होईपर्यंत नाव छापणार नाही, असा शब्द मी दिला आहे.

पहिल्या भागाच्या शेवटी गावाचं कुरण जातं आणि माणसं गाड्या भरून खाली कापड विणायच्या शहरात जातात. शेवटच्या पानावर तळाशी छापलं होतं, 'भाग दुसरा लवकरच.' तो कधीच आला नाही. माणसं परतली की नाही हे न कळताच मी दहावी झाले, आमचं घर कुलूप लावून आई-वडील धुळ्याला आले, आणि मी मोठी झाले. गेल्या वर्षी कळलं की भाषांतर सुरतेच्या भामरे गुरुजींचं आहे. पालिकेच्या मराठी शाळेत होते, आता निवृत्त. मी पत्र पाठवलं. उत्तराला पोस्टकार्ड आलं. त्यावर दोन वाक्यं: 'भाग दुसरा वहीत आहे. छापायचा नाही.'

असं म्हणतात का कुणी? माझ्या गावचं गायरान एका कंपनीला द्यायचं घाटतं आहे, ग्रामसभा तोंडावर आली आहे, आणि एका वहीत परतलेल्या माणसांची गोष्ट बंद करून ठेवली आहे! त्यातलं परतीचं प्रकरण छापून घराघरात वाटायचं मी ठरवूनच टाकलं होतं. माणसं परतलीच असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

गाडीत समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. पायाशी गोणी, गोणीत कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि लाल मिरच्या. वासाने डबाभर शिंका चालल्या होत्या.

"कथी जास व पोरी?" (कुठे चाललीस गं?)

"उधन्याला, आजी."

"लूमवर?"

"नाही, पुस्तक आणायचंय एक."

तिने शेजारणीकडे पाहिलं. "आयक व! लोके सुरतले पोट लई जातस, हाई पुस्तक आनाले जास." डबा हसला. मग तिने गोणीवर हात ठेवला. "मन्हा आंडोर (मुलगा) तठे शे. त्याले तठलं पीठ गोड लागत नही." दर महिन्याला याच गाडीने ती एवढी गोणी घेऊन जाते. मी विचारलं, त्याला इकडेच का नाही बोलावत? म्हातारीने मला असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाहेर गव्हाची कापणी चालली होती. नंदुरबारनंतर डोंगर जवळ आले, पळस फुललेला होता. नवापूरच्या फलाटावर गाडी निम्मी महाराष्ट्रात आणि निम्मी गुजरातेत उभी राहते. मी महाराष्ट्रात चहा घेतला आणि गुजरातेत ग्लास परत दिला. पुढे व्यारा, बारडोली, उसाचे मळे. तापी कुठेतरी उजव्या हाताला आमच्याबरोबर चालली होती, दिसत नव्हती एवढंच. आमच्या गावाखालून जाते तीच. ती आमच्या आधीपासून सुरतेला येते आहे.

सुरतेच्या अलीकडे, उधन्याला उतरले तेव्हा दुपार झाली होती. स्टेशनबाहेर रिक्षा केली आणि तावातावाने हिंदीत सांगितलं, "गोडादरा, पानी की टंकी के पास, और फालतू घुमाना मत." रिक्षावाल्याने मला नवागामच्या एका टाकीपाशी आणून सोडलं. ही ती टाकी नव्हती. मी भांडायला लागले, तो हिंदीत भांडायला लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "हा, येस मी. तू भाकर टाकी ठेव."

"अहो, ही तर अहिराणी!" माझ्या तोंडून निघालं. त्याने फोन खाली घेतला.

"ताई, तुम्ही धुयानी का?"

"हो."

"मंग पहिलेच सांगतीस ना! आपन हिंदीमा कशाले भांडी राहिनूत?"

उरलेल्या रस्त्यात तो मला शहर दाखवत होता. घरावर घर, जिन्याखाली जिना, कापडाच्या ताक्यांनी वाकलेले टेम्पो, आणि प्रत्येक गल्लीतून येणारी मागांची खटखट. खाडीवरून जाताना त्याने नाकाला रुमाल लावला. पाणी काळं होतं. कुठल्या रंगाच्या कारखान्याने असं केलं ते विचारायला मी वहीसुद्धा काढली. तो म्हणाला, "राहू द्या ताई, आज पुस्तक लेवाले उनात ना?"

भामरे गुरुजींचं दार त्यांच्या सुनेने उघडलं. आत वळून ओरडली, "पप्पा, कोई मळवा आव्युं छे!" (कुणी भेटायला आलंय.) मग मला मराठीत, "या ना, चप्पल राहू द्या." गुरुजी कॉटवर बसले होते. ताठ, पांढरा सदरा, हातात दांड्याचं भिंग. एका डोळ्याने जवळपास दिसत नाही, दुसऱ्याने भिंगातून अक्षर दिसतं. सुनेने लोचो आणून ठेवला, वर शेव आणि तेल. चमच्याने खायचा मऊ पदार्थ आहे, सुरतेतच मिळतो. मी दोन ताटल्या खाल्ल्या आणि मग मुद्द्यावर आले.

"गुरुजी, वही का छापायची नाही?"

"पत्रात लिहिलंय."

"कारण नाही लिहिलं."

"तुम्ही पत्रकवाल्या. तुम्हाला कारण सांगितलं की तुम्ही त्याचा मथळा करता."

फ्रेंच कुठे शिकलात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही येत. इंग्रजीवरून केलं." मला धक्का बसला आणि मी तो लपवला नाही. इतकी वर्षं मी ज्या भाषेत रडले ती तिसऱ्या हाताची होती! गुरुजी शांतपणे म्हणाले, "विहिरीचं पाणी तुमच्याकडे किती हातांतून येतं ते मोजता का?" मग त्यांनी ट्रंकेतून वह्या काढून एक माझ्या हातात दिली. बघायला, न्यायला नाही. अक्षर शाळामास्तरचं, एकसारखं. समासात बारीक नोंदी. एका ठिकाणी होतं, 'भिकन म्हणतो, आषाढात गहू कुणी कापत नाही. त्यांच्याकडे कापतात. मूळ तसेच ठेवले.' दुसरीकडे, 'या गवताला आपल्याकडे नाव नाही. नाव दिले नाही.'

एवढा काटेकोर माणूस मग छापू का देत नाही? मला कळेना.

"हा भिकन कोण?"

"उद्या रविवार आहे. भिकनचा कारखाना बंद असतो. दुपारी लिंबायतला वाचन आहे, चला. तुमच्याच गावचा आहे तो."

रात्री सुनेच्या खोलीत झोपले. झोपले म्हणजे काय, शेजारचे माग ऐकत पडले. आणि अचानक मला आमच्या गायरानातली दुपार आठवली. तिथे काहीच वाजत नाही. तिथे जाऊन मला किती दिवस झाले ते मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं.

लिंबायतची भिकनआबांची खोली दहा बाय बारा. तिच्यात वीसेक माणसं बसली होती, बाया मागे आणि दारात. भिकनआबा पन्नाशीचे, कानाच्या पाळीवर सुताचा धागा चिकटलेला. माझ्या वडिलांचं नाव सांगितलं तर म्हणाले, "तू तेनी पोर? गायरानमा चिचवर चढीसनं पडेल ती तूच ना?" सगळे हसले. तीच मी. कोपराजवळ खूण अजून आहे.

वाचन म्हटल्यावर मला वाटलं होतं, माणसं डोळे मिटून, भिंतीला टेकून ऐकतील. तसं नव्हतं. सगळी माणसं गुरुजींच्या समोर तोंड करून बसली होती आणि त्यांची नजर गुरुजींच्या ओठांवर होती. कुणी हलत नव्हतं. आबांची बायको, सुमनकाकू, माझ्या कानाशी म्हणाली, "मागावर बारा बारा तास काही ऐकू येत नही. ओठ देखीसनंच बोलतस ह्या. घरमा बी तोंड फिरायं का मंग भांडन." मग लक्षात आलं, कित्येकांचे कान अर्धे गेलेले होते.

आज शेवटचं प्रकरण होतं. दर वर्षी होळी झाली की ते पुन्हा एकदा वाचतात. मी ज्याच्यासाठी आले होते तेच.

गुरुजींनी वही उघडली, भिंग धरलं. कापडाच्या शहरातली ती माणसं, धुराड्याखालच्या खोल्या, खिडकीत डब्यात लावलेला एक मूठभर गहू. रस्त्यावरून गवताची गाडी जाते आणि एक बाई हातातलं काम टाकून तिच्यामागे चालत राहते, फक्त वासासाठी, शहराच्या वेशीपर्यंत. इथे दारातल्या एकीने पदर तोंडाला लावला.

मग गुरुजींनी पान उलटलं आणि भिंग खाली ठेवलं.

आवाज तसाच चालू राहिला. माणसं गाड्या भरतात. घाट चढतात. कुरणात गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं. नाशपाती पिकून वाकलेली. टोपल्या निघतात, आणि चुली मोजल्या जातात, एकही कमी नाही. खोलीत कुणीतरी "अहाहा" म्हणालं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण भिंग जमिनीवर होतं. अन् ज्या माणसाला त्याच्याशिवाय अक्षर दिसत नाही तो पानं उलटत होता.

मी पुढे सरकले आणि वही पाहिली. पानं कोरी होती.

मी असल्या वेळी गप्प बसत नाही. बसायला हवं होतं. "गुरुजी, इथे काहीच लिहिलेलं नाही!"

गुरुजींनी वही मिटली. चाचपून भिंग उचललं. मग म्हणाले, "नाही. हा शेवट तिचा नाही, माझा आहे. तिच्या पुस्तकात कुणी परतत नाही." समोरच्यांकडे न बघता ते बोलत होते. "पहिल्यांदा इथे वाचायला बसलो तेव्हा ही सगळी अशी बघत होती. मला वाचवेना. तोंडातून निघून गेलं. मग दर वर्षी तेच. तिच्या नावाने हे छापू कसं?"

"ही फसवणूक आहे," मी म्हणाले. "एवढ्या माणसांची!"

"तुमचं पत्रक पत्राबरोबर आलं होतं," गुरुजी म्हणाले. "पहिली ओळ काय होती? 'गाव एकजुटीने उभं आहे.' गावात किती चुली पेटतात, ताई?"

मी ती ओळ धुळ्यात बसून लिहिली होती.

तेव्हा भिकनआबा खाकरले. "गुरुजी, आम्हले माहीत व्हतं."

"काय?"

"पहिल्या सालपाईनच. तवय तुम्हले भिंग बी नव्हतं." आबांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. "वाचनारना ओठ येगया (वेगळे) चालतस, सांगनारना येगया. आम्हीन दुसरं काय करतस दिनभर?"

गुरुजींचा चेहरा मला बघवेना. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्हले वाईट वाटतं." आबा हसले. "आनि आम्हले बी गोड लागे."

"मी तं यास्ले कवयच सांगेल व्हतं," सुमनकाकू मागून म्हणाली, "गुरुजीस्ले एकदाव विचारा. पन नही. नाशपाती खावानी व्हती ना सगळास्ले!" हशा पिकला. गुरुजीसुद्धा हसले, डोळे पुसत.

हसणं ओसरलं तसे आबा म्हणाले, "आते खरं काय शे ते सांगा. एक डाव."

इंग्रजी पुस्तक गुरुजींच्या झोळीत होतं. अक्षर इतकं बारीक की भिंगालाही दाद देईना. मग असं झालं: मी इंग्रजी वाचायची, गुरुजी एक एक वाक्य मराठीत सांगायचे, मी ते कोऱ्या पानांवर उतरवायची, आणि आबा दारातल्या बायांकडे तोंड करून अहिराणीत सांगायचे. एका गावाचा शेवट चार भाषा ओलांडून त्या खोलीत येत होता.

खरा शेवट लहान आहे. शरद ऋतू. उंबऱ्यातून गवत आलेलं. सांडलेले गव्हाचे दाणे पायवाटेवरच उगवून, पिकून, पडून गेलेले. नाशपाती लगडलेली आहे. एक एक फळ आपोआप गळतं, आणि पडल्याचा आवाज ऐकायला कुणी नाही. एवढंच. ती कुणाला दोष देत नाही, कुणाला हाक मारत नाही. मी असते तर मारली असती.

कुणी रडलं नाही. मघाच्या गोड शेवटाला रडलेली माणसं आता नुसती बसली होती. मग भिकनआबांनी माझ्याकडे तोंड केलं, नीट ओठ दिसावेत तसं.

"पोरी, औंदा आपली चिच कोनी झोडी?"

"माहीत नाही, आबा."

"पत्रकमा नही का लिखेल?" त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पत्रकात मी चिंचेचा घेर दिला होता, कायद्याचं कलम दिलं होतं. ती झोडली की नाही हे दिलं नव्हतं.

सोमवारी निघताना गुरुजींनी वह्या दिल्या. "परवानगी मिळव. मग छाप. शेवट तिचाच."

"आणि तुमचा?"

"तो त्या खोलीत राहू दे. तो कागदावर नव्हताच कधी."

परतीच्या गाडीत मी काही लिहिलं नाही. नवापूरला चहासुद्धा घेतला नाही. दोंडाईचाला उतरले, पण धुळ्याची एसटी सोडून दिली आणि गावची पकडली. पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आमच्या घराच्या कुलपावर कोळ्याने जाळं केलेलं होतं. मी ते तसंच ठेवून थेट गायरानात गेले.

चिंच झोडलेली नव्हती. झाड तपकिरी होऊन लोंबत होतं. खाली शेंगा पडलेल्या, शेळ्यांनी निम्म्या खाल्लेल्या. मी उभी होते आणि एक शेंग पडली. आवाज अगदी लहान होता.

शेजारच्या वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या मला पाहून आल्या. एकीला दिसत नव्हतं धड, दुसरीला वर हात नेता येत नव्हता. "लोकेच नहीत तं झोडाले कोनले सांगानं?" असं म्हणत त्यांनी कुठूनतरी बांबू काढला. बांबू मी चालवला, त्यांनी खाली लुगडं धरलं. अंधार पडेपर्यंत दोन गोण्या झाल्या. मग वाटे घालायला बसलो. एक म्हातारी घरांची नावं घेत होती, मी ढीग करत होते. बंद घराचं नाव आलं की ती थांबायची, आणि मग म्हणायची, "घाल, घाल. चूल शे तेसनी, तठे." भिकनआबांचा वाटा मी वेगळ्या पिशवीत बांधला. पुढच्या महिन्यात ती पिठाची गोणी पुन्हा सुरतेला जाईल. गाडीतल्या त्या आजीबरोबर तो पोचेल.

ग्रामसभेचं पत्रक मी दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिलं. कलम ठेवलं, घेर ठेवला. पहिली ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं, 'या वर्षी गायरानातली चिंच आम्ही तिघींनी झोडली. वाटे सगळ्या चुलींचे काढून ठेवले आहेत.'